ताणून ठेवलेले धनुष्य

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जिनोआ या बंदराच्या दप्तरखान्यात इ. स. १३४० सालच्या काही हिशेबवह्या जतन केलेल्या आहेत. प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंस मांडून, पूर्ण द्विनोंदी पद्धतीने लिहिलेल्या ज्या वह्या आज उपलब्ध आहेत, त्यांतील सर्वांत जुन्या वह्यांमध्ये यांची गणना होते. नगरशासनाच्या खजिनदारांनी त्या ठेवल्या होत्या. त्यांत मिरीचेही एक खाते आहे. शासनाने मिरी खरेदी केली, विकली आणि त्या व्यवहारात तोटा सोसला, हे पावणेसातशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही त्या पानावरून स्वच्छ वाचता येते. त्या काळी युरोपात पोहोचणारी मिरी बहुतांशी मलबारच्या किनाऱ्यावरची असे; तेव्हा या खात्याचे एक टोक भारतात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मिरी, रेशीम, तुरटी आणि धान्य यांखेरीज जिनोआची आणखी एक निर्यात होती. ती गोण्यांत भरली जात नसे, स्वतःच्या पायांनी जहाजावर चढत असे. जिनोआ आणि भोवतालच्या डोंगराळ लिगुरिया प्रांतातील तरुण क्रॉसबो नावाचे धनुष्य चालविण्यात इतके निष्णात होते, की परदेशचे राजे त्यांना वेतन देऊन, करार करून आपल्या युद्धांसाठी घेऊन जात. व्यापारी शहराने लढाईचे कौशल्यही मालासारखे बाहेर पाठविले. वह्या लिहिल्या गेल्या त्यानंतर सहाच वर्षांनी, १३४६ मध्ये, फ्रान्सच्या राजाने असे काही हजार धनुर्धर क्रेसीच्या रणांगणावर आघाडीला उभे केले. तेथे त्यांचे काय झाले, ते पुढे येईल. प्रथम त्या शस्त्राची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण त्याच्या रचनेतच त्याच्याविषयीच्या साऱ्या वादाचे मूळ आहे.

लाकडाच्या एका जाड दांड्यावर आडवे बसविलेले आखूड आणि अतिशय ताठ धनुष्य, असे क्रॉसबोचे साधे वर्णन करता येईल. दांड्याच्या मध्याजवळ हरणाच्या शिंगाची एक गोल चकती बसविलेली असते आणि तिला खाच असते. दोरी मागे ओढून त्या खाचेत अडकविली की ती तेथेच थांबते. दांड्याच्या खाली एक लांब चाप असतो. तो दाबला की चकती फिरते, दोरी सुटते आणि बाण निघतो. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत मात्र चाप म्हटले की बंदुकीचा चाप डोळ्यांसमोर येतो. धनुष्य आणि बंदूक यांच्या मधली पायरी असलेल्या या शस्त्रात त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, ही मौजेची गोष्ट आहे.

साध्या धनुष्याची दोरी ओढणारा धनुर्धर ती फार तर काही क्षण ओढून धरू शकतो. साऱ्या ताणाचा भार त्याच्या दंडावर, खांद्यावर आणि पाठीवर येतो. नेम धरताना हात थरथरू लागतो, आणि मन बदलले तर दोरी सावकाश सैल सोडावी लागते. क्रॉसबोमध्ये हा ताण माणसाच्या अंगावरून उतरतो आणि शिंगाच्या त्या चकतीवर जाऊन बसतो. दोरी ओढणे हे एक काम आणि बाण सोडणे हे दुसरे काम, अशी दोन्हींची फारकत होते. ओढणारा एक आणि सोडणारा दुसरा, असेही करता येते. ११९२ साली जाफा येथे इंग्लंडच्या रिचर्ड राजाने आपल्या धनुर्धरांच्या अशाच जोड्या लावल्या होत्या. एकाने दोरी चढवून द्यायची, दुसऱ्याने नेम धरून चाप दाबायचा.

दोरी ओढण्याच्या युक्त्या काळानुसार बदलत गेल्या. प्रारंभी धनुष्य जमिनीवर ठेवून दोन्ही पायांनी दाबायचे आणि दोरी दोन्ही हातांनी ओढायची. पुढे दांड्याच्या टोकाला रिकीब आली. तीत पाऊल घालायचे, कमरेच्या पट्ट्याला लावलेला आकडा दोरीत अडकवायचा आणि वाकलेले शरीर ताठ करायचे. त्यानंतर तरफ आली, कप्पीचा रहाट आला, दातेरी चाकाचे यंत्रही आले. धनुष्य प्रथम लाकडाचे असे. नंतर लाकूड, शिंग आणि प्राण्यांच्या स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवून ते अधिक ताठ करण्यात आले. चौदाव्या-पंधराव्या शतकांत पोलादाचे धनुष्य रूढ झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सर राल्फ पेन-गॉल्वे या इंग्रज गृहस्थांनी क्रॉसबोवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या संग्रहातील पंधराव्या शतकातील एका पोलादी क्रॉसबोची दोरी ओढण्यास सुमारे १२०० पौंडांचा, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या आसपास जोर लागे. वेल्सजवळच्या मेनाय सामुद्रधुनीवरून त्यांनी या धनुष्याने बाण पलीकडच्या काठावर, सुमारे ४०० मीटर अंतरावर, पोहोचविले.

हे आकडे वाचून कोणाचाही असा समज होईल, की साधे धनुष्य या यंत्रापुढे खेळणेच ठरावे. प्रत्यक्षात तसे नव्हते. क्रॉसबोचे धनुष्य आखूड असल्यामुळे दोरी बाणाला जेमतेम वीतभर अंतर ढकलते. इंग्रजांच्या उंच धनुष्यात ती दोन फुटांहून अधिक अंतर ढकलत राहते. जोर पुष्कळ, परंतु तो लागू होण्याचे अंतर थोडे, त्यामुळे बाणाच्या पदरात पडणारी शक्ती जोराच्या प्रमाणात वाढत नाही. भांडवल मोठे आणि उलाढाल कमी, असा हा प्रकार. वेळेचाही प्रश्न होता. क्रॉसबोतून मिनिटाला साधारण दोन बाण सुटत. रहाट फिरवावा लागणाऱ्या जड धनुष्यातून त्याहूनही कमी. उंच धनुष्यातून निष्णात धनुर्धर तेवढ्याच वेळात आठ-दहा बाण सोडी.

असे असतानाही राजे आणि नगरे क्रॉसबोवर पैसा का खर्च करीत? याचे उत्तर शिकण्यास लागणाऱ्या काळात आहे. उंच धनुष्य ओढणारा माणूस घडविण्यास बालपणापासून वर्षानुवर्षांचा सराव लागे. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवर सापडलेल्या काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांत दिसून आलेले बदल अशा आयुष्यभराच्या धनुर्विद्येमुळे झाले असावेत, असे अभ्यासक मानतात. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाला १३६३ मध्ये सणासुदीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा करणारी आज्ञा काढावी लागली, ती याचसाठी. क्रॉसबोला अशी तपश्चर्या नको होती. कालपर्यंत लोकर पिंजणारा किंवा पाव भाजणारा माणूस थोड्या दिवसांत तो चालविण्यास शिके. तटावर उभ्या असलेल्या नागरिकाला तो देता येई, जहाजावरील खलाशाला देता येई. आणि अशा नवख्या माणसाचा बाण, ज्याने आयुष्यभर घोड्यावर बसून युद्धकला आत्मसात केली, ज्याच्या चिलखतावर गावाचे उत्पन्न खर्च झाले, अशा सरदाराला खाली पाडू शके.

हाच तो कळीचा मुद्दा. यंत्राने शक्ती साठवून ठेवली आणि ती कोणाच्याही बोटाशी आणून दिली.

आता त्याच्या नावाकडे वळू. मराठीत या शस्त्राला स्वतःचे रूढ नाव नाही. ईशान्येकडील डोंगरांत आणि निकोबार बेटांवर शिकारीसाठी त्याचा उपयोग होत आला असला, तरी दख्खनच्या युद्धांत ते कधी ठळकपणे आले नाही, आणि जी वस्तू बाजारात नाही तिला नाव कोण ठेवणार? इंग्रजी नाव केवळ आकार सांगते: आडवे धनुष्य. लॅटिन नाव अधिक बोलके आहे. त्यात आर्कुस म्हणजे धनुष्य आणि बॅलिस्टा म्हणजे दगड किंवा भाले फेकणारे मोठे यंत्र, हे दोन शब्द जोडून आर्कुबॅलिस्टा असा शब्द बनला. बॅलिस्टाच्या मुळाशी ‘फेकणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या दृष्टीने हे धनुष्याहून अधिक यंत्र होते. किल्ल्याच्या भिंतीसमोर उभे करण्याचे यंत्र लहान होऊन माणसाच्या हातात आले होते. पुढे त्याच शब्दाचे इटालियनमध्ये बालेस्त्रा, स्पॅनिशमध्ये बायेस्ता आणि फ्रेंचमध्ये आर्बालेत झाले.

जर्मन लोकांनी या शब्दाचे जे केले, ते लोकव्युत्पत्तीचे उत्तम उदाहरण आहे. परक्या शब्दाचे तुकडे त्यांना आपल्या भाषेतील शब्दांसारखे ऐकू आले आणि आर्मब्रुस्ट असे नाव तयार झाले. जर्मनमध्ये आर्म म्हणजे बाहू आणि ब्रुस्ट म्हणजे छाती. या शस्त्राशी छातीचा तसा काही संबंध नाही, परंतु नाव ऐकणाऱ्याला ते बाहू आणि छातीच्या बळावर चालत असावे असेच वाटेल. लॉर्डचा लाटसाहेब करणाऱ्या मराठी माणसाने जर्मनांना हसण्याचे कारण नाही. तरीही हा अपभ्रंश विचार करण्यासारखा आहे. ज्या शस्त्राने माणसाच्या बाहूंचे आणि छातीचे काम संपविले, त्याच्या नावात नेमके बाहू आणि छाती येऊन बसले, आणि मुळातला यंत्राचा उल्लेख पुसला गेला.

बाणाच्या नावाचीही अशीच गंमत आहे. क्रॉसबोचा बाण आखूड, जाड आणि चौकोनी टोकाचा असे. ‘चौकोन’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमध्ये त्याला कारो आणि इंग्रजीत क्वारल म्हणू लागले. पत्त्यांतील चौकटलाही फ्रेंच लोक कारोच म्हणतात. पत्त्यांचा नाद नसलेल्या घरांतही चौकट ठाऊक असते, म्हणून हा उल्लेख. इंग्रजीत भांडणालाही क्वारल म्हणतात, पण तो शब्द वेगळ्या कुळातला, ‘तक्रार’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला. दोन्ही शब्द एकाच उच्चारावर येऊन मिळाले, हा निव्वळ योगायोग होय.

बाराव्या शतकाच्या मध्यावर, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, या शस्त्राविषयी किंवा एकूणच शस्त्रांविषयी तीन गोष्टी लिहिल्या गेल्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली रोममधली. एप्रिल ११३९ मध्ये दुसरे पोप इनोसंट यांनी लॅटरन येथे ख्रिस्ती धर्मपरिषद भरविली. तिच्या शेवटच्या नियमांपैकी एकाने क्रॉसबो आणि धनुष्य चालविणाऱ्यांची प्राणघातक व ईश्वराला अप्रिय असलेली विद्या ख्रिस्ती आणि कॅथलिक लोकांविरुद्ध वापरण्यास बहिष्काराच्या धाकाने मनाई केली. या वाक्यातील ‘ख्रिस्ती आणि कॅथलिक लोकांविरुद्ध’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इतरांविरुद्ध वापरण्याविषयी नियम मौन पाळतो, आणि त्या मौनाचा अर्थ क्रूसयुद्धांवर निघालेल्यांनी बरोबर ओळखला. याच परिषदेने व्याज घेणाऱ्यांचाही कडक निषेध केला आणि त्यांना ख्रिस्ती दफनही नाकारले. दोन्ही मनाया सारख्याच निष्फळ ठरल्या. इटलीची शहरे त्यानंतरच्या दोनशे वर्षांत एका बाजूने युरोपचे सावकार झाली आणि दुसऱ्या बाजूने क्रॉसबोधारी पुरविणारी पेठ झाली.

दुसरी गोष्ट कॉन्स्टँटिनोपलमधली. बायझंटाईन सम्राट अलेक्सिओस यांची विदुषी कन्या आना कोम्नेनी हिने वडिलांच्या कारकिर्दीचा इतिहास ११४० नंतरच्या दशकात लिहिला. पश्चिमेकडून आलेल्या क्रूसवीरांजवळ पाहिलेल्या या धनुष्याला ती त्झांग्रा म्हणते. ग्रीकांना ते अपरिचित असल्याचे सांगून ती त्याचे बारकाईने वर्णन करते: वापरणारा जवळजवळ उताणा होऊन दोन्ही पाय धनुष्यावर रोवतो आणि दोरी सर्व शक्तीने ओढतो, बाण ढाल भेदतो, जाड लोखंडी उरस्त्राण भेदतो आणि पलीकडे जातो. हे यंत्र खरोखर सैतानी आहे, असा तिचा अभिप्राय. तिने मनाई केली नाही, कोणाला शापही दिला नाही. तिने ते पाहिले आणि जसे होते तसे लिहून ठेवले. या तिघांत वस्तूकडे सर्वांत जवळून पाहणारी तीच.

तिसरी गोष्ट अणहिलवाड पाटणची. लॅटरनची परिषद भरली तेव्हा कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रसूरी पन्नाशीचे होते. पुढे ११४३ नंतर राज्य करणाऱ्या कुमारपाल राजासाठी त्यांनी योगशास्त्र रचले. क्रॉसबो त्यांनी पाहिला असण्याचे कारण नाही आणि त्यांच्या ग्रंथात तो नाही. परंतु श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत त्यांनी विषवाणिज्याचा अर्थ सांगताना विषाच्या जोडीला अस्त्रांचा व्यापार घातला, आणि नांगर, यंत्रे व लोखंडही घातले. ज्यांची पेढी लोखंडाची किंवा अवजारांची आहे, त्यांना ही यादी आजही अवघडल्यासारखे करते. तिच्या अर्थाविषयी साधुसंतांना प्रश्न विचारणारी घराणी कमी नाहीत. दिगंबर परंपरेत याच्या कितीतरी आधी आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा एक प्रकार म्हणून हिंसादान सांगितले आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, आयुधे, साखळदंड अशी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, म्हणजे हिंसादान.

रोमचा नियम आणि पाटणचा नियम यांत केवळ कठोरपणाचा फरक नाही. रोमने प्रश्न विचारला तो बाण सोडणाऱ्याला, आणि विचारला तोही असा: समोर कोण आहे? समंतभद्र आणि हेमचंद्र यांनी प्रश्न विचारला तो देणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. समोर कोण पडेल याची त्यांच्या यादीत नोंदच नाही. मरणारा जैन की अजैन, मित्र की शत्रू, हा रकाना त्यांनी ठेवलेला नाही.

याहून सूक्ष्म असा एक अतिचार श्वेतांबर परंपरेत अनर्थदंडविरमण व्रताच्या संदर्भात सांगितला आहे. त्याचे नाव संयुक्ताधिकरण. हिंसा घडू शकेल अशी साधने एकमेकांना जोडून, वापरास सिद्ध करून ठेवणे, हा तो दोष होय. उखळाजवळ मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण अशी उदाहरणे त्याच्या विवरणात येतात. सुटे साधन निरुपद्रवी असते असा याचा अर्थ नव्हे. पण जोडलेले साधन चटकन उचलले जाते आणि दुसऱ्याच्याही हाती सहज लागते. दोरी चढवून, बाण लावून, चकतीच्या खाचेवर विसावलेला क्रॉसबो हे या संकल्पनेचे जणू मूर्त रूप आहे. हिंसेची सारी सिद्धता आधीच झालेली असते. ती करणारा निघून गेला तरी ती तशीच ताणलेली राहते, आणि उरलेले काम एका बोटाचे असते.

या तुलनेवरून जैन इतिहास युद्धापासून अलिप्त होता, असे सुचविणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. अमारीची घोषणा करणाऱ्या कुमारपालाच्याच सैन्याने शाकंभरीच्या अर्णोराजाशी आणि कोकणच्या मल्लिकार्जुन शिलाहाराशी युद्धे केली. भगवतीसूत्रात तर वैशालीवरील युद्धातील महाशिलाकंटक आणि रथमुसल या भयंकर यंत्रांची वर्णने आहेत. त्याच रथमुसल संग्रामात राजाज्ञेने गेलेल्या वरुण नावाच्या श्रमणोपासकाची कथा येते. जो आपल्यावर प्रथम प्रहार करील त्याच्यावरच प्रतिप्रहार करायचा, असा नियम करून तो रणात उतरला, मर्मी घायाळ झाला आणि बाजूला जाऊन त्याने समाधिमरण स्वीकारले. वरुणाचा नियम पाळण्यासाठी शत्रू समोर दिसावा लागतो आणि पहिला घाव सोसून उभे राहता यावे लागते. तटाच्या फटीतून सुटणाऱ्या बाणासमोर अशी संधी मिळतेच असे नाही.

लॅटरनच्या मनाईचे पुढे काय झाले, हे ज्याने ती सर्वांत उघडपणे धुडकावली त्याच्याच मृत्यूने सांगितले. जाफाला धनुर्धरांच्या जोड्या लावणारा रिचर्ड राजा मार्च ११९९ मध्ये फ्रान्सच्या लिमुझें प्रांतातील शालू या लहानशा किल्ल्याला वेढा घालून बसला होता. २६ मार्चच्या संध्याकाळी पुरेसे चिलखत न घालता तो तटाची पाहणी करण्यास गेला. वरून सुटलेला क्रॉसबोचा बाण त्याच्या खांद्यात घुसला. बाण काढताना जखम अधिक चिघळली, सडली, आणि ६ एप्रिलला त्याचे निधन झाले. फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेल्या गिय्योम ल ब्रतों या कवीने पुढे लिहिले, की फ्रेंचांना क्रॉसबोची ओळख रिचर्डनेच करून दिली होती, म्हणून त्याचे मरण त्यानेच यावे हा दैवाचा न्याय. इतिहास म्हणून हे विधान टिकत नाही. फ्रान्समध्ये क्रॉसबो त्याच्या आधीपासून होता. पण लोकांना हिशेब जुळलेला आवडतो.

रॉजर ऑफ हाऊडन या समकालीन इंग्रज बखरकाराने जे लिहिले आहे, ते अधिक मनाला भिडणारे आहे. किल्ला पडल्यावर बाण सोडणाऱ्या माणसाला मरणासन्न राजापुढे आणले गेले. माझा पिता आणि दोन भाऊ तुझ्या हातून मारले गेले, आता हवा तो सूड घे, असे तो निर्भयपणे म्हणाला. रिचर्डने त्याला क्षमा केली, बंधमुक्त करण्यास सांगितले आणि वर शंभर शिलिंग देवविले. पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या वाचकांना या क्षमेचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र बखर तेथे थांबत नाही. राजाच्या मेरकादिए नावाच्या भाडोत्री सेनापतीने त्या माणसाला गुपचूप धरून ठेवले आणि राजाने डोळे मिटल्यावर त्याची कातडी सोलवून त्याला फाशी दिले. क्षमा करणाऱ्याच्या हाताखालच्या माणसांपर्यंत ती क्षमा पोहोचली नव्हती.

रिचर्डचा भाऊ जॉन गादीवर आला आणि त्यानेही परदेशी क्रॉसबोधारी पदरी ठेवले. इंग्लंडच्या सरदारांना ते इतके डाचले, की १२१५ च्या मॅग्ना कार्टात, हक्कांची सनद म्हणून ज्याचा आजही गौरव होतो त्या लेखात, परकीय सरदार, क्रॉसबोधारी आणि भाडोत्री सैनिक यांना देशाबाहेर घालविण्याचे एक स्वतंत्र कलम आले. धर्मपरिषदेला जो चाप लावता आला नाही तो सरदारांनी राजाला लावला. त्यांचाही आक्षेप शस्त्राला नव्हता, ते चालविणाऱ्या परक्यांना होता.

आता क्रेसी. २६ ऑगस्ट १३४६. फ्रान्सचा सहावा फिलिप आणि इंग्लंडचा तिसरा एडवर्ड समोरासमोर आले. ओत्तोने दोरिया यांच्या हाताखालचे जिनोआचे क्रॉसबोधारी दिवसभराची लांब मजल मारून थकून आले होते. त्यांच्या आडोशाच्या उंच ढाली आणि बाणांचा साठा मागे सामानाच्या गाड्यांत राहिला होता. दोरी चढवताना क्रॉसबोधाऱ्याला अर्धा मिनिट जागेवर वाकून उभे राहावे लागते. त्या वेळी ढाल हेच त्याचे घर. ढालीशिवाय लढाई सुरू करणे म्हणजे गोदामाला छप्पर नसताना माल उतरविणे. त्यातच जोराचा पाऊस झाला आणि त्यांच्या दोऱ्या भिजून सैल पडल्या, असे तत्कालीन लेखकांपैकी काहींनी नोंदविले आहे. विश्रांतीची मागणी मान्य झाली नाही. ते पुढे सरकले, त्यांचे बाण तोकडे पडले आणि वरच्या उतारावरून इंग्रजांच्या उंच धनुष्यांच्या बाणांचा वर्षाव सुरू झाला.

ते मागे फिरले. मागे फ्रेंच सरदारांचे घोडदळ उभे होते. हे भाडोत्री लोक फितूर झाले, अशी ओरड झाली. फ्रुआसार या बखरकाराच्या म्हणण्याप्रमाणे, वाट अडविणाऱ्या या लोकांना मारून टाका, अशी आज्ञा खुद्द राजाने दिली. ज्याने वेतन ठरविले होते त्याच्याच घोड्यांच्या टापांखाली ते तुडविले गेले. ओत्तोने दोरिया त्याच दिवशी पडले. त्या दिवशीचा पराभव फ्रेंच घोडदळाने नंतर वारंवार चढाई करून पूर्ण करून घेतला, परंतु दोष अनेक वर्षे जिनोआच्या माणसांकडेच राहिला. सामान मागे ठेवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता आणि लढाईची वेळही त्यांनी निवडली नव्हती. ज्या शहराच्या वहीत मिरीचा तोटा काट्याच्या तोलाने मांडलेला आहे, त्या शहराच्या किती घरांतून त्या वर्षी माणूस परत आला नाही, हे कुठल्या पानावर नाही.

त्यानंतरही क्रॉसबो दीडशे-दोनशे वर्षे टिकला. मग बंदुकीने त्याची जागा घेतली. शस्त्र गेले तरी नाव बरेच हिंडले. इटलीत बालेस्त्रिएरी हे आडनाव आजही आहे. फ्रेंच सुतार छपराच्या कैचीतील तिरप्या मुख्य तुळईला आर्बालेत्रिए म्हणजे क्रॉसबोधारी म्हणतात. पोर्तुगीज खलाशी ताऱ्यांची उंची मोजण्यासाठी दांड्यावर आडवी पट्टी सरकणारे जे साधन वापरीत, त्याला बालेस्तील्या म्हणजे छोटा क्रॉसबो म्हणत. डोळ्याशी धरून ते आकाशावर रोखावे लागे, म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये विल्यम टेलच्या दंतकथेमुळे क्रॉसबो राष्ट्राचे प्रतीक झाला, आणि गेल्या शतकात तेथील उत्पादकांनी आपल्या देशात तयार झालेल्या मालाची खूण म्हणून त्याची आकृती वेष्टनांवर छापली. पोपने शापिलेले शस्त्र मालाच्या अस्सलपणाची मोहोर झाले.

मध्य इटलीतील गुब्बिओ या डोंगरी गावात दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी शेजारच्या सानसेपोल्क्रो गावाशी क्रॉसबोची स्पर्धा होते. जुन्या पद्धतीचे जड क्रॉसबो लाकडी बैठकांवर ठेवलेले असतात, धनुर्धर मध्ययुगीन पोशाखात येतात. प्रत्येकाने एकच बाण सोडायचा. समोर लाकडाचे गोल लक्ष्य असते. त्याच्या मध्याशी बाणांची दाटी होते, मागून आलेला बाण आधीच्या बाणाला घासून बसतो. शेवटी लक्ष्य खाली उतरवून कोणाचा बाण मध्याच्या सर्वांत जवळ आहे ते पाहतात, आणि विजेत्याला रंगविलेला एक ध्वज देतात.